व्हर्नाचं भांडं आणि कोणता गुरुवार

...तर सगळ्यांत आधी कोण आलं, यावरून मघाशी कॉफीच्या टेबलापाशी वाद चालला होता, तो मिटवते. आम्ही आलो! अध्यक्षस्थानी बसलेले पाद्री लायलसाहेब, माझ्या शेजारी बसलेली महिला मंडळाची आर्लिस, आणि समोरच्या सगळ्या बायांनो-बाप्यांनो, तुम्हाला नमस्कार. कार्यक्रम दोनचा. आमचे ऑर्विल अकरा वर्षांपासून कंपवाताचे, म्हणून दहालाच त्यांच्या अंगावर कपडे चढवायला घेतले. दीडला पोचलो, तर चर्चला कुलूप. उभे बर्फात!

सहावीनंतर शाळा सुटली ती गाईंच्या धारा काढायला, तेव्हा भाषणाचं काही विचारू नका. नवऱ्याची सेवा केली म्हणून दिलीत ती ही पितळी पाटी छान आहे हो. खोटं कशाला बोलू, आनंद झाला. मिनियापोलिसच्या नातीला फोटो पाठवणार. ‘आमची देवदूत’ असं कोरलंय. देवदूत म्हटलं की बरं पडतं, नाही? त्याला कुणी जेवलीस का, झोपलीस का, विचारत नाही. दुकानात भेटलात की म्हणता, “ऑर्विल कसे आहेत?” मी कशी आहे, कुणी विचारलंत? मागच्या महिन्यात मी त्यांच्यावर ओरडले आणि गोठ्यात जाऊन रडले. गाई केव्हाच विकल्या, ऐकायला गोठा तेवढा उरलाय.

आर्लिस फोनवर म्हणाली, “ऑर्विलना कुणाजवळ तरी ठेवून ये.”

म्हटलं, “कुणाजवळ गं? तुम्ही सगळ्या तर तिथंच असणार!”

हसली. म्हणून ते बघा, मागच्या रांगेत. केक सांडतायत, तर लगेच माना वळवू नका.

व्हर्ना, तुझं निळ्या झाकणाचं भांडं माझ्याकडेच आहे. ऑर्विल पहिल्यांदा पडले तेव्हा त्यातून भाजलेले बटाटे दारातूनच दिलेस. “गुरुवारी भांडं न्यायला येते, निवांत बसू.” चार वर्षं झाली. आजही मुद्दाम आणलं नाही. भांडं परत दिलं, तर तुला यायला निमित्त काय उरलं?

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन दोनदा पुढं ढकललंय, आता चौदा तारीख दिलीय. ह्यांच्याजवळ बसायला माणूस नाही.

असो. पाटीबद्दल, केकबद्दल आभार. म्हातारीच्या तोंडून काही वाकडं गेलं असेल तर पोटात घाला.

काय म्हणालीस, व्हर्ना? “गुरुवारी नक्की येते” ना? मागच्या वेळी कोणता गुरुवार, ते विचारायचं राहिलं. हा चौदा तारखेचा. सकाळी सात वाजता.