चार नंबरच्या आजींची शाल

मावशी : नाही सिस्टर, लाल पिशवी फाटली नव्हती. मीच उघडली.

सिस्टर : मावशी! नऊ वर्षं या वृद्धाश्रमाची लाँड्री सांभाळताय तुम्ही. साथीच्या जुलाबात घाण झालेले कपडे लाल पिशवीत बांधायचे आणि न उघडता, पाण्यात विरघळणाऱ्या त्या पिशवीसकट उकळत्या मशीनमध्ये टाकायचे, हे नव्या पोरींना तुम्हीच शिकवता ना?

मावशी : शिकवायला काय, तोंड आहे मोठं.

सिस्टर : मग उघडली कशाला?

मावशी : चार नंबरच्या आजींची शाल होती आत. लोकरीची, आजोबांनी घेतलेली. जुलाबात भरली होती. उकळली असती तर आटून बाहुलीच्या मापाची झाली असती. आजी सकाळपासून 'माझी शाल, माझी शाल' करून जीव टाकत होत्या. मला राहवेना. थंड पाण्यात हाताने धुतली.

सिस्टर : हातमोजे तरी होते?

मावशी : होते. मला कुठे काय झालं? मला झालं असतं तर परवडलं असतं.

सिस्टर : संध्याकाळी त्यांच्या अंगावर शाल पाहिली होती मी. आजी शांत झाल्या म्हणून हायसं वाटलं. इतक्या लवकर धुऊन आलीच कशी, हे एका शब्दाने विचारलं नाही.

मावशी : तुम्ही नका लावून घेऊ.

सिस्टर : विचारणं हेच तर काम आहे माझं. पण आजी आजारातून उठल्या होत्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना कसं झालं?

मावशी : दुसऱ्या दिवशी बाईंना थंडी वाजत होती. आजींनी आपली शाल काढून त्यांना पांघरली. चादरी द्यायला गेले तेव्हा पाहिलं मी. एरवी खिडकी उघडी की बंद, यावरून रोज भांडायच्या दोघी. मला मेलीला कौतुक वाटलं!

सिस्टर : शालीमुळेच झालं, असं कुणी ठामपणे नाही सांगू शकणार. खोली एकच होती.

मावशी : मला सांगता येतं. त्या बाई आठवड्यात गेल्या हो. लिहा, रिपोर्टात माझं नाव लिहा.

सिस्टर : लिहिते. खाली माझंही लिहिते. शाल कुठाय?

मावशी : काल उकळत्या पाण्यात घातली. ही बघा.

सिस्टर : एवढीशी?... आजींनी विचारलं असेल.

मावशी : सकाळीच. बाई घेऊन गेल्या, म्हणून सांगून टाकलं.

सिस्टर : रडल्या?

मावशी : नाही. म्हणाल्या, 'असू दे. तिला थंडी फार वाजायची.'