काय बदललं ते कळतं

...आणि वर मलाच विचारतात, नाव सांगता येत नसेल तर हा प्रोग्राम केलाच कशाला, जावईबापू? तुम्हाला सांगतो, कोणी जावईबापू म्हणून हाक मारली ना की मी आधी बाह्या वर करतो, कारण त्या हाकेपाठोपाठ पाहुणचार येत नाही, काम येतं! नोकराला निदान अरे-तुरे करतात, तो निदान मनातल्या मनात शिवी तरी देतो, मला मान देऊन राबवतात, आणि मानानं राबवलेल्या माणसाला रजासुद्धा मागता येत नाही हो.

आता हे विचारणारे कोण, तर माझ्या बायकोचे थोरले भाऊ. छापखाना आहे त्यांचा. बाटल्यांची, डब्यांची, औषधांची लेबलं छापतात. आणि मी कोण? मी एके काळी भल्यामोठ्या कंपनीत ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात हात घालून काम करणारा माणूस! कंपनीनं एका सकाळी अख्खा मजला घरी पाठवला, त्यात मी, आणि घरी बसलेल्या नवऱ्याचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको... जिथं बसावं तिथंच तिला झाडायचं असतं. शेवटी एक दिवस म्हणाली, दादाला कॉम्प्युटर बघायला माणूस हवाय. कॉम्प्युटर बघायला! म्हणजे काय, तर प्रिंटरात अडकलेला कागद ओढायचा, माऊसची निघालेली वायर खोचायची, आणि दादांच्या फोनवरची अक्षरं मोठी करून द्यायची. गेलो. जातो. रोज जातो.

तर झालं काय, खोकल्याच्या औषधाची लेबलं छापली, गठ्ठेच्या गठ्ठे गेले, आणि सगळेच्या सगळे परत आले. का? तर लेबलावरची शेवटची ओळ गायब! आणि ओळ साधीसुधी नाही, 'डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लहान मुलांना देऊ नये.' म्हणजे बघा, बाकी सगळं होतं, बाटली हलवा होतं, थंड जागी ठेवा होतं, कंपनीचं नाव तर हे एवढं मोठं होतं, नेमकी हीच ओळ नाही. गिऱ्हाईक संतापलं, दादा त्याच्याहून संतापले, आणि फाइल करणारी आमची ताई रडकुंडीला येऊन सांगतेय की मी पाठवली तेव्हा ओळ होती, माझ्याकडे प्रत आहे, ही बघा.

ताई म्हणजे आमची डिझायनर. दादांच्या वडिलांनी नोकरीला ठेवलेली, वयानं माझ्याहून थोडी मोठी, छापखान्यात झाडूवाल्यापासून मालकापर्यंत सगळे तिला ताईच म्हणतात. घरी अंथरुणाला खिळलेली आई आणि ही, तिसरं कोणी नाही. लेबल तयार झालं की ती त्यातला प्रत्येक स्वल्पविराम नखानं टोकरून बघायची. ही बाई ओळ विसरेल? पण दादा एकदा तिच्या खुर्चीकडे बघायचे, एकदा माझ्याकडे, आणि म्हणायचे, कोणीतरी फायली बदलतंय. मला नाव पाहिजे.

मी म्हटलं, त्यात काय, करतो प्रोग्राम. केवढा उत्साह, तुम्हाला सांगतो! कित्येक दिवसांनी कोणीतरी माझ्या लायकीचं काम सांगितलं होतं. आता हे काम करायच्या दोन तऱ्हा. एक तऱ्हा अडाणी, दर मिनिटाला जाऊन प्रत्येक फाइल उघडून विचारायचं, बदललीस का गं? बदललीस का? जसं पाहुणा येणार म्हणून माणसानं सारखं दार उघडून बघत बसावं. आणि दुसरी शहाण्यासारखी, की दाराला घंटा लावायची आणि स्वस्थ बसायचं. ऑपरेटिंग सिस्टिमला सांगून ठेवायचं, की बाई, ह्या फोल्डरमध्ये काही हललं, आलं, गेलं, पुसलं, तर मला आवाज दे. ती देते! न कंटाळता देते! घरात एवढं कोणी ऐकत नाही माझं.

पण घंटेला काय कळतं? घंटा वाजली एवढं कळतं. वाजवली कोणी, ते दार उघडल्याशिवाय कळत नाही. आणि आमच्या छापखान्यात सगळ्यांना मिळून लॉगिन एकच, पासवर्ड एकच, तोही भिंतीवर चिकटवलेला, कारण दादा म्हणतात, घरच्यासारखी माणसं, वेगवेगळे पासवर्ड कशाला? म्हणजे सर्व्हरच्या लेखी ताई, मी, मशीनवाला, दादा, सगळे एकच इसम. हे मी दादांना आधीच सांगितलं, स्पष्ट सांगितलं, की दादा, काय बदललं ते कळेल, कोणी बदललं ते कळणार नाही. दादा म्हणाले, हो हो, आधी करा तर.

केला. आठवडाभर आवाजच नाही! दादा खूश, म्हणाले, चोर घाबरला. चोर कसला घाबरतोय, माझाच गाढवपणा, ऑपरेटिंग सिस्टिमला तुम्ही एक फोल्डर दाखवलं की ती तेवढंच बघते, त्याच्या आतल्या फोल्डरकडे ढुंकून बघत नाही. सांगितलेलंच काम! आणि आमची सगळी गिऱ्हाइकं आतल्या फोल्डरांत. मग एकेका फोल्डरला वेगळी घंटा लावली, आणि दादांचा हट्ट, निरोप थेट त्यांच्या फोनवर आला पाहिजे. लावला तोही.

बस्स, तिथून माझ्या मागे साडेसाती लागली! आता फाइल सेव्ह होते म्हणजे काय होतं? तुम्हाला वाटतं त्याच फाइलीत लिहिलं जातं. छे! तो डिझाइनचा प्रोग्राम आधी गुपचूप दुसऱ्याच नावाची फाइल करतो, त्यात सगळं लिहितो, मग जुनी पुसतो आणि नवीला जुनीचं नाव देतो. का, तर मध्येच वीज गेली तर जुनी तरी शाबूत राहावी. शहाणपणच आहे ते. पण माझा प्रोग्राम पडला प्रामाणिक, त्यानं जसं दिसलं तसं कळवलं. आली! बदलली! पुसली! दादा तेव्हा न्हाव्याकडे बसले होते. 'पुसली' एवढं वाचलं आणि तसेच उठले, गळ्यात ते पांढरं फडकं, एका गालाला साबण, रस्त्यानं पळत छापखान्यात आले आणि ताईच्या टेबलापुढं उभे. काय पुसलंस? ती बिचारी म्हणाली, काही नाही हो, एक टिंब सरकवलं. सगळा छापखाना बघतोय, मशीनवाल्यानं मशीन बंद केलं बघायला, आणि दादा त्या दिवसापासून तिच्याशी नीट बोलेनात.

मी ते किरकोळ निरोप गाळून टाकले, एका सेव्हला एकच निरोप केला. आणि तेव्हा खरी गोष्ट दिसली. रोज संध्याकाळी, छापखाना बंद व्हायच्या सुमाराला, एकामागून एक फायली बदलायच्या! ताईनं दिवसभरात ज्यांना हातही लावलेला नाही अशासुद्धा. दादांचा फोन टिंग, टिंग, टिंग. दादा म्हणाले, बघा, सगळ्यात शेवटी कोण निघतं? ताई. मग कोण? मी म्हटलं, दादा, काय बदललं ते कळतंय, कोणी बदललं ते अजून कळलेलं नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच तिला सामील.

घरी आलो तर बायकोचा चेहरा बदललेला. तिथंही तेच! काय बदललं ते कळतं, कोणी बदललं ते विचारायची सोय नाही. विचारलं तर म्हणाली, दादा म्हणत होता तुम्ही त्या बाईची बाजू घेता. आता आपलेच दात, आपलेच ओठ, ताट ओढलं आणि जेवलो.

पुढं ताईच्या आईला दवाखान्यात ठेवलं, ताई रजेवर. आणि संध्याकाळी फोन टिंग! मी तर आनंदानं उडालोच, म्हटलं सुटली बाई, ती नाही तरी फायली बदलतायत. दादा शांतपणे म्हणाले, घरून करत असेल. मी म्हटलं, दादा, आपल्या सर्व्हरवरून निरोप तेवढा बाहेर जातो, बाहेरून आत यायला वाटच नाही. तर म्हणाले, ती हुशार आहे. आता काय करणार? ह्यांना नाव आधीच सापडलेलं, आता फक्त त्या नावाला शोभेल असा गुन्हा बसवायचा राहिला होता. ताई रजेवरून आली आणि त्याच दिवशी तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. तिनं आपली पट्टी, आपला चष्मा, आपली पाण्याची बाटली पिशवीत घातली आणि गेली. मशीनवाल्यानं मशीन सुरू केलं, आणि मी प्रिंटरात अडकलेला कागद ओढायला घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी निघालो, अर्ध्या रस्त्यात आठवलं, जेवणाचा डबा राहिला. परत आलो. सगळीकडे अंधार, फक्त दादांच्या केबिनमध्ये दिवा. काचेतून बघतो तर दादा चष्मा कपाळावर चढवून फायली उघडतायत! एकेक लेबल. का, तर कोणी बदललं तर नाही ना, हे तपासायला. वडिलांची शिकवण, मालकानं दिवसाकाठी सगळं एकदा डोळ्याखालून घालावं. आता त्यांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर ताई वापरते तो फॉन्टच नाही. तो कॉम्प्युटर सांगतो, हा फॉन्ट मिळाला नाही, दुसरा घालू का? दादा म्हणतात, हो. दुसरा फॉन्ट अंगानं जाड, अक्षरं फुगतात, ओळी खाली सरकतात, आणि शेवटची ओळ चौकटीबाहेर जाऊन दिसेनाशी होते. दादांना त्याचं काही नाही, ते मोठी अक्षरं तेवढी बघतात. मग बंद करताना कॉम्प्युटर विचारतो, बदल सेव्ह करू का? दादा पुन्हा म्हणतात, हो.

आणि टेबलावरचा त्यांचाच फोन वाजला, टिंग! दादा ताडकन उठले, केबिनचं दार ढकलून बाहेर, अंधारात ओरडतायत, "आत्ता! आत्ता बदललं! कोण आहे तिकडं?" आणि समोर मी, हातात डबा घेऊन.

तुम्हाला सांगतो, मी त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं, त्यांच्याकडून तीच फाइल पुन्हा उघडवली, दोन्हीदा 'हो' दाबायला लावलं, ओळ कशी जाते ते बोट लावून दाखवलं, शेजारी ताईची मूळ प्रत ठेवली. लहान मुलाला दाखवावं तसं दाखवलं. मग म्हणाले, "मी फक्त बघतो हो. बघण्यानं काय बदलतं?"

मी म्हटलं, तुम्ही सेव्ह करता. म्हणाले, ते मशीन विचारतं, कोणी चांगल्या शब्दांत विचारलं तर नाही कशाला म्हणायचं? मी म्हटलं, दादा, ताईला परत बोलवा. तर त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "गिऱ्हाइकाला सांगून झालंय की ताईनं केलं म्हणून काढून टाकलं. आता ते कसं बदलणार?"

ऐकलंत? फायली बदलतात, फॉन्ट बदलतात, ओळी गळतात, ह्यांचं सांगून झालेलं मात्र बदलत नाही! चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची ती द्यायची, आणि वर दोर वळायला जावई! घरी सांगितलं तर बायको म्हणाली, दादाला एवढं तोंडावर बोलायची काय गरज होती? ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

मीच गेलो ताईकडे. एकच खोली, आई भिंतीकडे तोंड करून झोपलेली, ताई खाली बसून कोणाच्या तरी दुकानाच्या पाट्या रंगवतेय. मी सगळं सांगितलं, फॉन्ट, ओळ, केबिन, सगळं. वाटलं होतं, चिडेल, रडेल, निदान हसेल तरी. तिनं ब्रश पाण्यात बुडवला आणि म्हणाली, "तुमच्या प्रोग्रामला कोणी बदललं ते कळत नाही म्हणून तो गप्प बसतो. तुम्हालाही कळलं नव्हतं, पण काय बदललं ते विचारायच्या आधी तिथल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तुम्हीसुद्धा." आणि चहा ठेवला माझ्यासाठी! तो चहा मी कसा प्यायलो ते माझं मला माहीत.

ती परत येणार नाही. दादा म्हणाले, नाही तर नाही, जावईबापू, तुम्ही शिका डिझाइन. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! ह्या वयात आता मी लेबलं करतो, ताईच्या खुर्चीवर बसतो. दादांच्या केबिनमध्ये गपचूप तो फॉन्ट घालून दिलाय, त्यामुळे ओळ आता गळत नाही, कुठल्या पोराच्या पोटात नको ते औषध जायला नको. पण दादांचं बघणं काही सुटलेलं नाही, आणि सेव्ह तर सेव्हच, त्यामुळे रोज संध्याकाळी त्यांचा फोन वाजतो आणि ते केबिनच्या दारात येऊन उभे राहतात, जावईबापू, पुन्हा कोणीतरी बदललं!

पहिले काही दिवस मी समजावून सांगितलं. आता मीही घरी जाणारा माणूस आहे हो, मलाही जेवायचं असतं. मी म्हणतो, "मीच बदललं, दादा."

"असं होय," ते म्हणतात, "मग सांगून करत जा ना." आणि समाधानानं दिवा घालवतात.