छज्ज्याखालची प्रार्थना

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, दुपारी आमच्या चर्चच्या रिट्रीट सेंटरचा नवा छज्जा पडला. खाली चर्चची माणसं प्रार्थनेले उभी होती. दोन जण मेले. एक रूथ, क्वायरमध्ये गाणारी पोट्टी, अन् दुसरे आमचे हे, प्रकाश.

मी गोंदियाची. वडील रेल्वेत गँगमन, आजोबापासून आम्ही ख्रिस्ती, घरात मराठी बायबल. लग्न होऊन रायपुरले आली तेव्हा हे वेगळं राज्य झालं नव्हतं. आमचे हे रेल्वेच्या कारखान्यात वेल्डर, क्वार्टरच्या आजूबाजूले सगळी नागपूर-भंडाऱ्याची माणसं, म्हणून मले परकं असं वाटलंच नाही. आता पोट्ट्याले मराठीत काही सांगतलं का तो हिंदीत म्हणते, मम्मी, वही बात कितनी बार बोलोगी. मी म्हणतो, ऐकून घेईस्तोवर.

तर काय सांगू तुम्हाले, नवा रायपुरकडं रस्ते झाले, मंत्रालय तिकडं गेलं, अन् त्याच्याही पलीकडं कोण्या भल्या माणसानं चर्चले जागा दिली. तिथं हॉल बांधाचा होता. ठेकेदार नको, आपणच सेवा करू, असं ठरलं. मग दर रविवारी आराधना झाली का सगळे गाडीत बसून तिकडं, डॉक्टर, बँकवाले, मास्तर, सगळ्यायच्या हाती घमेलं, अन् आम्ही बाया चुलीवर खिचडी करून राहिलो. आमच्या यायले लोखंडाचं काम येते म्हणून पास्टर इंजिनियर भैया म्हणत. हे म्हणत, पास्टर साहेब, मी मालगाडीचे डबे जोडणारा, मले बिल्डिंग काय समजते. तर सगळे हसत, म्हणत, भैया, बाइबिल वाले नूह ने जहाज बनाने का कौन सा कोर्स किया था?

छज्जा म्हणजे एका बाजूनं भिंतीत, दुसऱ्या बाजूनं हवेत. त्याचं लोखंड वरच्या अंगाले राहाले पाहिजे, नाहीतर छज्जा वजन पेलत नाही. हे यायनं मिस्त्रीले विचारलं अन् तसंच बांधलं, सोता बांधलं, मी तारा तोडून देत होती. ढलाईच्या, म्हणजे काँक्रीट ओताच्या दिवशी हे ओरडून राहिले, फळ्या टाका, लोखंडावर पाय देऊ नका, खाली दबते. ऐकते कोण? सगळे त्या जाळीवरच लाइन लावून उभे, घमेलं या हातातून त्या हातात, गाणं चालू, अन् तालावर पाय आपटून राहिले. यायनं दोन-चार जागी लोखंड हुकानं वर ओढलं. पास्टर म्हणाले, भैया, आत्मा उतर रहा है, मत रोको. यायनं हूक खाली ठेवला. वरून मसाला पडला, लोखंड झाकून गेलं.

पवित्र आठवड्याची रिट्रीट होती, घाई होती. छज्ज्याले टेकू दिलेल्या बल्ल्या यायनंच काढल्या, ते मी लपवत नाही. आमच्यात रीत आहे, ज्या जागी काम संपलं त्याच जागी उभं राहून प्रार्थना कराची. म्हणून सगळे छज्ज्याखाली आले, डोळे मिटले. मी खिचडीवरचं झाकण काढून राहिली होती. आवाज झाला, मग धूळ. भिंतीजवळचे वाचले. रूथ अन् हे कडेले होते.

सरकारी इंजिनियरनं तोडून पाह्यलं. म्हणे लोखंड तळाले आहे, उलटं बांधलं. कोणी बांधलं? चर्चच्या कमिटीवाल्यायनं सांगतलं, प्रकाश भैयानं. मग पास्टर अन् सेक्रेटरी आमच्या घरी आले, चहा घेतला, म्हणे दीदी, ते तर प्रभूजवळ गेले, त्यायले आता पोलीस काय करीन, दुसरा कोणी फसला तर त्याचे लेकरं उघड्यावर येतीन. मी म्हटलं, अन् माझं लेकरू? दोघायनं कप खाली ठेवले अन् गेले.

रूथची आई, मार्थाकाकी, तिचा नवराही आधीच गेलेला, ती एकच पोट्टी होती. ब्राह्मणपाऱ्याच्या बाजारात भाजी घेताना मले दिसली. म्हणे, तुझ्या नवऱ्यानं उलटं लोखंड बांधलं. एवढंच बोलली अन् वळून गेली. मले काही नको, बापा, फक्त त्या बाईले कळाले पाहिजे होतं का लोखंड उलटं नव्हतं.

चर्चमध्ये उपदेशानंतर साक्षीचा वेळ राहते. ज्याले सांगाचं आहे तो उठते, कोणाचा ताप उतरला, कोणाले नोकरी लागली. मी उठली. म्हटलं, लोखंड वर होतं. तुम्ही सगळे त्याच्यावर उभे होते, डॉक्टर साहेब तुम्ही, सेक्रेटरी भैया तुम्ही, पास्टर साहेब, तुम्ही गाणं सांगून राहिले होते. अन् काकी, रूथ पण उभी होती.

काकी माझ्याकडं पाहत राहिली. पास्टर म्हणाले, आओ, गीत गाएँ.

आरोपी मेला म्हणून पोलिसायनं केस बंद केली, कागदावर नाव माझ्या नवऱ्याचंच राहिलं. छज्जा ठेकेदारानं नवा बांधला. मार्थाकाकी चर्चले येत नाही, मी जातो. साक्षीचा वेळ त्या रविवारपासून बंद आहे.