पायऱ्यांखालचा हिरवा कोपरा

आजचे आदरणीय अध्यक्ष असलेले आपल्या पाणीखात्याचे मुख्य साहेब. व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे. माझ्याआधी इतकं छान बोललेले सहकारी. आईला न्यायला दूरवरून आलेले मावशींचे चिरंजीव. आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या पंपवाल्या मावशी, सर्वांना माझा नमस्कार.

मी तळ्यावरची साहाय्यक. बोलायची मला सवय नाही, कारण तळ्यावर बोलता येत नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी तळं पाहिलं आहे ते या खिडकीतून, म्हणून आमचं काम थोडक्यात सांगते.

ऊन वाढलं की पाण्यावर शेवाळ तरंगू लागतं. वारा ते एका काठाला लोटतो. मग मी होडीतून पाइपाचं तोंड त्यात धरायचं आणि मावशींनी काठावर पंप चालवायचा. जाळीच्या पिशवीत शेवाळ अडकतं, पाणी पुन्हा तळ्यात जातं. ऐकायला सोपं आहे. पण पाइपाचं तोंड जरा वर आलं की पंप हवा धरतो, आणि जरा बुडालं की शेवाळ जागच्या जागी राहून नुसतं चांगलं पाणी ओढलं जातं. त्यामुळे पंपाचा जोर सारखा कमी-जास्त करावा लागतो. इंजिनाच्या आवाजात हाक पोचत नाही. म्हणून सगळा कारभार खुणांचा. हात गोल फिरवला की सुरू, तळवे खाली दाबले की हळू, हात उंच धरला की बंद.

आता खूण दिसायची तर समोरच्यानं बघत राहायला नको का? मावशींचं खरं काम तेच होतं. त्या दिवसभर माझ्याकडे बघत असत.

मघाशी एका सहकाऱ्यांनी सांगितलं की मावशी कधी कुणावर रागावल्या नाहीत. राहवत नाही म्हणून दुरुस्ती करते. रागावत. डबा खाल्ल्यावर त्यांना डुलकी लागायची आणि तेव्हा उठवलेलं मुळीच चालत नसे. मला पोहता येत नाही, म्हणून होडीत बसण्याआधी मी अंगावरच्या जाकिटाची गाठ पुन्हापुन्हा तपासते. त्यावर त्या म्हणायच्या, “अगं, त्या गाठीलाही जरा विश्रांती दे.” मी तरीही तपासायचे. मग म्हणायच्या, “तुला काही कळत नाही. जा तू, मी बघतेय.”

हे वाक्य मला का आवडायचं, ते सांगितलं तर चालेल ना? मी आमच्या घरातली पहिली शिकलेली. मला वाचता येऊ लागलं तेव्हापासून घरात एकच ऐकत आले, “तुला कळतं, तूच बघ.” औषधाची बाटली असो, कचेरीतला कागद असो, धाकट्या भावाचं लग्न असो. प्रेमानंच म्हणतात. पण जिला सगळं कळतं, तिच्याकडे बघायचं कुणाला सुचत नाही. मी खोलीत आले की वडील बोलणं आवरतं घेतात, आपलं काही चुकेल म्हणून. त्यांचा दोष नाही. जेवण होतं, भांडी होतात, दिवा मालवला जातो.

आणि सकाळी तळ्यावर एक बाई कमरेवर हात ठेवून माझी वाट बघत उभी असते. असायची.

काल मावशींचा शेवटचा दिवस. सगळं तळं साफ झालं होतं, पायऱ्यांखालचा एक कोपरा तेवढा राहिला होता. मी होडी तिकडे वळवली, तोच इंजिन बंद झालं. मी हात गोल फिरवला. मावशींनी मानेनंच नाही म्हटलं. काठाला लागल्यावर मी म्हणाले, “मावशी, कोपरा राहिला.”

“राहू दे.”

“उद्या मी एकटी कशी काढू?”

“म्हणूनच राहू दे. तुझ्या साहेबांना दिसेल.”

“मी अर्ज करते ना.”

“अर्ज फायलीत जातो, बाई. शेवाळ कुठे जातंय?”

अध्यक्ष महोदय, मावशींची जागा भरायची नाही आणि नवा मोठा पंप एकटीला पुरेल, असं आपण मघाशी जाहीर केलंत. आपला पूर्ण मान राखून सांगते, आज इथे येण्यापूर्वी मी तो कोपरा काढून पाहिला. काठावर आणून ठेवलेला तो नवा पंप सुरू केला, होडीत बसले, पाइप धरला. पंपाचा जोर इतका की तोंड लगेच खाली ओढलं गेलं आणि पिशवीतून नितळ पाणी वाहायला लागलं. मी हात उंच धरला. धरून ठेवला. काठावर इंजिन होतं, पिशव्या होत्या, मावशींची पालथी घातलेली बादली होती. हात कुणाला दाखवतेय, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. मग वल्हवत काठाला आले आणि स्वतःच पंप बंद केला.

कोपरा तसाच आहे. या खिडकीतून दिसतो. असाच राहिला तर सगळ्या तळ्यावर पसरेल. साहेब, मोठा पंप आपण जरूर ठेवावा, तक्रार नाही. फक्त काठावर एक माणूस द्यावा. पंपाचं काम मी शिकवीन. बघत राहायचं मात्र त्याचं त्यालाच जमायला हवं.

मावशी, उद्या तुमची गाडी तळ्याच्या रस्त्यानंच जाणार आहे. चिरंजीवांना सांगून तळ्याच्या बाजूची खिडकी घ्या आणि हात उंच धरा. आपल्या खुणेप्रमाणे त्याचा अर्थ ‘थांबव’ असा होतो, हे मला ठाऊक आहे. गाडी थांबायची नाही. पण या खेपेला तुम्ही बघू नका. जा तुम्ही. मी बघतेय.

मला बोलायची संधी दिलीत, शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी सर्वांची ऋणी आहे. निरोपाच्या प्रसंगी मागणी करू नये, ती माझ्याकडून झाली. कुणाचा उल्लेख राहिला असेल, काही कमी-अधिक बोलले असेन, तर उदार मनानं पदरात घ्यावं. नमस्कार.