ड्रम न उघडता दिलेला ठिपका

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, सत्कारमूर्ती फोरमनसाहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी आणि वर्कशॉपमधल्या माझ्या सगळ्या सहकाऱ्यांनो,

साहेबांविषयी बोलायला मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच मागे लागले. आधीच्या वक्त्यांनी त्यांच्या शिस्तीचं तोंड भरून कौतुक केलं. मी त्यात थोडी भर घालते.

बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगते. हँडब्रेकचा दांडा फार वर येऊ लागला की मागचं चाक काढायचं, ड्रम उघडायचा, आतले ब्रेक शू झिजले असतील तर बदलायचे. मगच केबल ताणायची. तपासलेल्या ड्रमवर पिवळा ठिपका द्यायचा, ही आपली पद्धत. साहेबांनीच पाडलेली. वहिनी, त्यांना जरा पाणी द्या, घसा कोरडा पडलेला दिसतोय.

माझा थोरला भाऊ इथे ड्रायव्हर होता. एका सकाळी त्याने धुवायची गाडी उतारावर लावली, हँडब्रेक ओढला आणि उतरून मागे गेला. गाडी सुटली. दादाचा पाय भिंतीवर चिरडला. साहेबांनी सगळ्यांना सांगितलं, "हँडब्रेक ओढायला विसरला." तेव्हापासून दादाचं नाव 'विसरभोळा'. पाय गेल्याचं तो कधी बोलत नाही. पण परवा त्याची मुलगी म्हणाली, "बाबा, गॅस बंद केलात ना? तुम्ही विसरता." तो कुबड्या घेऊन दोनदा बघून आला.

त्या गाडीचा ड्रम मी काढला. हातोडीने ठोकून काढावा लागला, इतका गंजून धरला होता. आत शूचं लायनिंग, म्हणजे ड्रमला घासून चाक धरणारा थर, संपून नुसतं लोखंड, आणि बाहेर साहेबांच्या हातचा ताजा ठिपका. नुसती केबल ताणून गाडी सोडली होती. मी दाखवायला गेले तर म्हणाले, "भावाची बाजू घेणारच तू." शू भंगारात गेले. याला शिस्त म्हणायचं का, ते आपणच ठरवा.

निवृत्त होणाऱ्याची गाडी आपण सगळे मिळून नीट करून देतो. साहेबांच्या गाडीच्या हँडब्रेकचं काम मी मागून घेतलं. ड्रमवर त्यांचाच ठिपका, आत तसंच नुसतं लोखंड. जोडीदार म्हणाला, "ताई, आहे तसंच बसवून टाक." माझ्याही मनात आलं, खोटं कशाला बोलू? पण साहेबांना काही झालं असतं तर तुम्ही सगळे हळहळला असता. ती हळहळ मला त्यांना मिळू द्यायची नव्हती. मी नवे शू घातले, स्प्रिंगा आणि केबलही नवी घातली. साहेब, खूप जगा. रोज तो दांडा ओढा, आणि रोज दादा आठवू द्या.

साहेबांच्या गाडीतून काढलेले शू फुलांशेजारी कापडात ठेवलेत. अध्यक्षांनी हात लावून बघावं.

आता साहेब सत्काराला उत्तर देतील. पहिल्या रांगेत दादा ऐकायला बसलाय. त्या सकाळी कोण काय विसरलं होतं, तेवढं त्याच्या तोंडावर सांगा.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल, तर सर्वांनी मला माफ करावं. फोरमनसाहेबांनी नाही केलं तरी चालेल.