सर्टिफिकेटवाली गच्ची

सुरतेत उधन्याच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोघी जुन्या शेजारणी उभ्या होत्या.

"नवा फ्लॅट कसा आहे, उषाबाई?"

"झ्याक. खाली बिल्डरने सर्टिफिकेट लावलंय, या बिल्डिंगला वीज कमी लागते म्हणून."

"लावायला काय जातं त्याचं?"

"मलाही तसंच वाटलं, नूतन. मग गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या वाळत टाकल्या. दुसऱ्या दिवशीही ओल्याच."

"ऊन येत नाही का?"

"ऊन रग्गड येतं. पण गच्चीला पांढऱ्या टाइल्स आहेत, त्या तापतच नाहीत. आमचा मजला शेवटचा, तरी भर दुपारी नुसत्या पंख्यावर झोप लागते."

"म्हणजे सर्टिफिकेट खरं निघालं."

"अगदी खरं."

"आणि बिबड्या?"

"समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर नेल्या. संध्याकाळपर्यंत कडकडीत वाळल्या. त्यांच्याकडे सर्टिफिकेट नाही ना."