तोफेचा वाटा, लसीचा वाटा

अनुसयाबाई, तळ्यावरच्या भावांनो, बायांनो, आणि आरमोरीहून आलेल्या पाहुण्यांनो,

मला सुई टोचता येते, बाळंतपण करता येतं. भाषण करता येत नाही. पण तुम्ही धानाची रोवणी अर्धी टाकून आलात, शाळेच्या पटांगणात चिखलात बसलात, तर मी गप्प कशी राहू? मी इथल्या आरोग्य केंद्राची सिस्टर. बारा वर्षं झाली. तुळशीरामभाऊ त्या दिवशी माझ्याकडे आले आणि मी रिकाम्या हातांनी त्यांच्यासमोर उभी राहिले. म्हणून मीच बोलणार. आणि आधीच सांगते, मी रडणार नाही. मला संताप आलाय, आणि तो अंगात मावत नाहीये!

भाऊ आपल्या मासेमार सोसायटीचे म्होरके. पाहुण्यांना आमच्या तळ्याची रीत ठाऊक नसेल, म्हणून सांगते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सगळे मिळून जाळं ओढतात. पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, पळसाची पानं मांडतात आणि पानांवर माशांचे वाटे घालतात. मग एक जण वाट्यांकडे पाठ करून बसतो. दुसरा एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, "हा कोणाचा?" पाठमोरा माणूस नाव घेतो. ज्याचं नाव, त्याचा वाटा. मोठा रोहू कोणाला गेला, बारीक मासळी कोणाला आली, भांडण नाही. पाठ करून घेतलेलं नाव फिरत नाही. ते फिरवणाऱ्याला पुन्हा तळ्यावर कोणी उभं करत नाही. खरं की नाही?

गेल्या साली कारगिलची लढाई चालू होती. तालुक्याचे एक साहेब जवानांसाठी मदत मागायला आले, नेमके जाळं ओढायच्या दिवशी. आपण दिली! त्या दिवसाची सगळी चांगली मासळी विकून दिली. कोणी मागंपुढं पाहिलं नाही. साहेब खूश झाले, पाळीवर बसून चहा प्यायले. तेव्हा भाऊंनी विचारलं, "साहेब, तोफेचा एक गोळा केवढ्याले पडते?"

साहेब हसले. म्हणाले, "अरे बाबा, तुमच्या तळ्याची वर्षाची मासळी विकली तरी यायचा नाही."

"आन् असे दिवसाचे किती उडते?"

"ते कोण मोजत बसतो!"

झालं! भाऊ उठले. टोपलीत उरलेली बारीक मासळी त्यांनी पानांवर मांडली. एक भलामोठा ढीग केला. म्हणाले, "साहेब, हा ढीग तोफेनं उचलला. समजा लढाई लागलीच नसती, त हा कोणाले भेटला असता? आमी याचे वाटे घालतो. तुमी पाठ करा."

साहेब दिलदार माणूस. खरंच पाठ करून बसले! भाऊंनी बोट ठेवलं. "हा कोणाचा?" साहेब म्हणाले, "शाळेचा." "हा कोणाचा?" "तुमच्या नाल्यावरच्या पुलाचा." "हा कोणाचा?" साहेब थांबले, त्यांना सुचेना. तेव्हा मागून कोण ओरडलं? मी ओरडले! "साप चावल्यावरच्या लसीचा, साहेब!" साहेब म्हणाले, "बरं, लसीचा." तुम्ही सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. आठवतं ना? पोरं तर तळ्यात उड्या मारत होती.

तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, लढाई चालू असताना असं बोलू नये. भाऊ गर्रकन वळले. "माझा पुतण्या तिथी बर्फात उभा हाये. त्याले बूट द्या, घोंगडी द्या, दोन घास जास्त द्या. काई कमी पडू देऊ नका. पण त्याची माय इथी साप चावून मेली, त तो वापस कोणाकडे येईन?" तोच प्रश्न आज मी तुम्हाला विचारते.

साहेब जीपमध्ये बसून गेले. आमच्यासाठी गंमत संपली. भाऊंसाठी नाही. दर बाजाराच्या दिवशी केंद्राच्या दारात हजर. "सिस्टर, आपला वाटा आला काय?" मी म्हणायची, "भाऊ, ती गंमत होती हो." ते चिडायचे. "पाठ करून नाव घेतलं नं त्यानं? मंग गंमत कायची?" तीनदा तालुक्याला जाऊन आले. तिथल्या बाबूनं विचारलं, कोणत्या आदेशानं मागता? भाऊ म्हणाले, "तळ्याच्या." ऑफिसभर हशा. गावात हशा. मीही हसले. हसा, आताही हसा, भाऊंना हसणारी माणसं आवडायची.

पण मला सांगा, चुकलं कोणाचं? मला लढाईतलं काही कळत नाही. दुश्मन आला तर हात बांधून बसा, असं मी म्हणत नाही. पण त्याच्या आदल्या साली तर लढाई नव्हती. वाळवंटात अणुबॉम्ब फुटला, चौकात पेढे वाटले. मीही खाल्ला. दोन खाल्ले! आणि केंद्रात येऊन फ्रिज उघडला तर त्या दिवशीही लस नव्हती. एवढीशी बाटली हो, माझ्या अंगठ्याएवढी. बॉम्ब बनवता येतो त्या देशाला अंगठ्याएवढी बाटली आरमोरीच्या पुढे आणता येत नाही?

गेल्या गुरुवारी सकाळी भाऊ पाळीवर माती टाकत होते. घोणस पायाला डसली. गमछा बांधला आणि स्वतःच्या पायांनी चालत आले. पाळीपासून केंद्र किती? बिडी पेटवली तर संपत नाही एवढं. त्यांच्या घरच्या अनुसयाबाई मागून धावत आल्या. भाऊ बाकावर बसले आणि हसून विचारलं, "आला काय वाटा?"

मी फ्रिज उघडला. का उघडला? मला माहीत होतं. पोलिओचे डोस होते, धनुर्वाताची इंजेक्शनं होती, बर्फ होता. मी बंद केला. पुन्हा उघडला. मग आरमोरीच्या दवाखान्यात न्यायला जीप मिळवली, तर नाल्याला पूर. पाणी उतरेपर्यंत काठावर थांबलो. आरमोरी दिसायच्या आधी भाऊ गेले.

आणि काल वरून निरोप आला. नोंदवहीत लिहा, "रुग्णास उशिरा आणले." असंच लिहायचं असतं. मी याआधी लिहिलंय. हो, मीच लिहिलंय, या हातानं, आणि त्यातल्या काहींच्या घरची माणसं इथं बसली आहेत. त्यांची मी माफी मागते. कारण त्या तीन शब्दांनी सगळं सोपं होतं. लोकच उशिरा येतात, मग लस पाठवून उपयोग काय? मग तो ढीग पुन्हा तोफेनं उचलला तरी कोणाला काही वाटत नाही.

काल संध्याकाळी अनुसयाबाई माझ्याकडे आल्या. त्यांना वाचता येत नाही. वहीकडे बोट करून विचारलं, "सिस्टर, कागदावर माझं नाव लिवलं काय? मी त्याईले उशिरा आणलं म्हणते लोक. मी त धावतच आणलं नं वो?"

बायांनो, ज्या बाईचा नवरा गेला, तिच्याच डोक्यावर हा दोष! मी वही उघडली आणि त्यांच्यासमोर लिहिलं. "रुग्ण वेळेवर आला. लस उपलब्ध नव्हती." खाली सही केली. बदली होईल, नोकरीही जाईल. जाऊ द्या! ही वही मी आज सोबत आणली आहे. ज्याला वाचता येतं त्यानं वाचून घ्या, ज्याला येत नाही त्याला वाचून दाखवा. आरमोरीच्या पाहुण्यांनी उतरवून न्या, तालुक्यात दाखवा. माझ्याकडून कोणी खोडून घेतलं, तरी ते तुमच्याकडे राहील.

आता सगळे उभे राहा. टोप्या काढा. लेकरांना जवळ घ्या. थोडा वेळ कोणीच बोलू नका.

आणि अनुसयाबाई, तुम्ही बसूनच राहा. तुम्ही खूप धावलात. तुम्ही त्यांना वेळेवर आणलं होतं.